पोरगी काय करती?

काटेवाडीच्या वाचनालयात नवं पुस्तक आलं की शमशादआपा ते आधी स्वतः वाचत आणि शेवटच्या पानावर एक चिठ्ठी डकवत. चिठ्ठीवर पेन्सिलीनं एकच प्रश्न असे, ‘पोरगी काय करती?’ आणि खाली उत्तर. मुलांच्या साहसकथा, रहस्यकथा, सगळ्यांना हाच न्याय. ‘चहा देती. घाबरती. भावाला ओवाळती.’ एका जाडजूड कादंबरीला तर ‘ग्वाड दिसती’ एवढंच. आम्ही शाळकरी पोरी पुस्तकाआधी चिठ्ठ्या वाचून खिदळायचो.

आपा सातवी शिकलेल्या. नवऱ्याचं सायकलचं दुकान वाचनालयाला लागून, म्हणून किल्ली त्यांच्याकडे आली आणि त्यांच्याकडेच राहिली.

पुढं मी पुण्यात किशोरांसाठी कादंबऱ्या लिहू लागले. पहिली घेऊन मोठ्या ऐटीत आपांकडे गेले. चार मित्र आणि एक मैत्रीण किल्ल्यात अडकतात, अशी गोष्ट. पुढच्या खेपेला चिठ्ठी पाहिली, ‘डबा आणती. पाय मुरगाळती. पोरं उचलून आणत्यात.’

“आपा, निदान माझ्या पुस्तकाला तरी...”

“तुझं हाय म्हणून दोनदा वाचलं गं मंगल. दुसऱ्यांदाबी पाय मुरगाळलाच की.”

त्या रागात दुसरी लिहिली. तिच्यातली मुलगी कराटे खेळते, चोर पकडते, गणितात पहिली येते आणि कधी म्हणून रडत नाही. पुण्यात तिचं फार कौतुक झालं. आपांनी लिहिलं, ‘समदं करती. चुकत न्हाय. आपल्या गावची न्हाय.’

मी भांडलेच. “मग तुम्हाला हवी तरी कशी?”

आपांनी चष्मा काढून पदरानं पुसला. “ती दुधाच्या किटलीवाली. ती कुठं गेली?”

किटलीवाली म्हणजे मीच. सातवीत असताना डेअरीला दूध घालायला जाताना माझी सायकल घसरली आणि अर्धी किटली सांडली. मार चुकवायला मी रस्त्याकडेच्या चारीचं पाणी घालून किटली भरली. डेअरीत दुधाची डिग्री बघितली, पाणी उघडं पडलं, दूध परत आलं, गावभर बोभाटा झाला. घरी मी धाकटीचं, कुसुमचं नाव सांगितलं. वडिलांनी तिला ओल्या फोकानं मारलं. खरं एकट्या आपांना ठाऊक होतं, कारण त्या दुपारी मी वाचनालयात कपाटामागं रडत बसले होते आणि त्यांना सगळं सांगून टाकलं होतं.

“तिला लिव्ह,” आपा म्हणाल्या. “घाबरती, खोटं बोलती, तरी आपलीच हाय. एकदा चुकली म्हंजे पोरगी वाया जात न्हाय, हे पोरींना कोण सांगणार?”

“कुसुम वाचेल ना, आपा.”

“मग? वाचू दे की.”

लिहिते म्हणाले. नवरा गेल्यावर आपा मुलाकडे इंदापूरला गेल्या. सोलापूरला जाता-येता कितीदा इंदापूर लागलं, पण रिकाम्या हातानं कुठं जायचं म्हणून मी उतरले नाही. फोनवर त्या म्हणायच्या, “डोळं जायच्या आत आण बाई.” मी आणते म्हणायचे. मधल्या काळात आणखी दोन पुस्तकं लिहिली, दोन्हींत गुणी मुली. ती मी आपांना पाठवली नाहीत. लाज वाटली.

गेल्या वर्षी आपा गेल्या. मी इंदापूरला पोचले तेव्हा दफन होऊन आठवडा झाला होता. मुलानं बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुढं केला. “हे तुमाला द्या म्हनली हुती.”

आत एकच चिठ्ठी. वर माझं नाव, खाली ‘पोरगी काय करती?’ आणि बाकी कोरी. अक्षरं एकमेकांवर चढली होती. डोळे गेल्यावर लिहिली असणार.

बारामतीच्या एसटीत बसून मी पेन्सिल काढली. ‘दूध सांडती. पाणी घालती. बहिणीचं नाव सांगती.’ तरी चिठ्ठीत जागा उरली. आपांनी विचारलंच असतं, “मग?”

कुसुम कऱ्हाटीला दिली आहे. बारामतीला उतरून मी कऱ्हाटीच्या गाडीची चौकशी केली. आपांना उत्तर वाचून दाखवायची वेळ मी माझ्या हातानं घालवली. कुसुम तरी घरी भेटावी.