निळ्या उजेडात दिसलेला डाग

अन्ननलिकेचा कर्करोग बरा होऊन चार वर्षं झाली होती. गिळायला त्रास नाही, आवाज खणखणीत, मी जव्हारच्या शाळेत रोज शिकवत होते. मग दर सहा महिन्यांनी घशात नळी कशाला घालून घ्यायची? खरं सांगायचं तर देवीवरच्या श्रद्धेचं नाव पुढे करून मी भीती झाकत होते. त्या खेपेची नाशिकच्या दवाखान्यातली तपासणी चुकवून मोखाड्याकडे देवीच्या दर्शनाला निघाले.

एसटी स्टँडवर शेजारी वावर गावची एक म्हातारी बसली होती. ओळख ना पाळख. कर्करोगावर किरणांचे शेक घेऊन काळवंडलेली माझी मान तिने निरखली. म्हणाली, "माझ्या दादल्याची बी मान अशीच झालती. 'बरा हाय, बरा हाय' म्हणत परत दवाखान्यात गेलाच नाय. मंग दुसराच रोग निघाला, गल्यात. तू जातेस ना, बाय?"

मला खोटं बोलवेना. "आजच जायचं होतं," म्हटलं.

"मंग जा ना. देवी काय पलून जाते?"

समोर नाशिकची गाडी लागली होती. का कोण जाणे, मी तीत चढले.

दवाखान्यात डॉक्टरांनी नाकातून कॅमेऱ्याची बारीक नळी घशात सोडली. पडद्यावर सगळं गुलाबी, स्वच्छ. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात त्यांनी बटण दाबून उजेड बदलला, निळसर हिरवा केला. आणि जिथे काहीच नव्हतं, तिथे बारीक ठिपक्यांचा तपकिरी डाग उमटला. डॉक्टरांनी तिथला बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला.

तुकडा तपासून आल्यावर म्हणाले, "बाई, जुना परतलेला नाही. हा नवीन आहे, घशातला. पण वरवरचा आहे, तोंडातूनच काढता येईल. उशीर झाला असता तर आवाजाचं सांगता आलं नसतं."

न दुखता, न खुपता तो माझ्या गळ्यात बसला होता, आणि मी त्याच गळ्याने आरत्या म्हणत होते!

डाग काढला. आवाज राहिला. धक्का मात्र ओसरलेला नाही. पाणी पिताना अजूनही घोट मध्येच थबकतो, निव्वळ भीतीने.

त्या म्हातारीला कुणी पाठवलं, हे मी कुणाला विचारत नाही. देवीवर भार टाकणं म्हणजे डोळे मिटून घेणं नव्हे, एवढं उमगलं. आता तपासणीच्या खुर्चीत बसल्यावर 'काही निघू नये' असं मागत नाही. 'आई, जे असेल ते दिसू दे,' म्हणते, आणि अंग सैल सोडते.