बायको फोनवर ओरडून बोले

लोक फोनवर ओरडून काहून बोलतात, असं कोणी विचारलं तर मी माझ्या बायकोचं सांगीन. जन्मभर ती धानाच्या रोवण्याला गेली. रोवण्यात वाकलेली बाई मान वर न करता दोन बांध्या पलीकडच्या बाईशी बोलते. चहा आला का, कोणाची सून कशी, सगळं चिखलात पाहून, मोठ्यानं. माणूस जेवढा दूर, तेवढा आवाज मोठा. तेच तिनं फोनला लावलं. जवळच्याच कोंढ्याच्या बहिणीशी जरा कमी आवाजात बोले, अन् पुण्याच्या पोरीशी सगळ्यात मोठ्यानं.

एकदा आम्ही अड्याळहून एसटीनं भंडाऱ्याला जात होतो. पोरीचा फोन आला. तिला दिवस गेले होते. काय खाते, उलट्या होतात का, हिनं सगळं गाडीभर विचारलं. मागून एक जण म्हणाला, "मावशी, फोन ठेवून द्या. पुण्याले तसंच ऐकू जाईन."

लोक हसले. तीही हसली. लाज मलाच वाटली. मी खेकसलो, "गप वं. गाढवीवानी कायले ओरडून राहिली?"

तिनं फोन बंद करून पिशवीत टाकला. त्यानंतर माझ्यासमोर पोरीशी बोलली ती तोंडाला पदर लावून. "बरी हाये. ठेवतो मंग." एवढंच.

मागच्या उन्हाळ्यात ती गेली. मायलेकीचं बोलणं मी तोडलं, हे मला खात राहिलं. पोरीला सांगायची हिंमत होत नव्हती. परवा कारध्याजवळ एसटीतच तिचा फोन आला, अन् तोंडातून निघून गेलं. "पोरी, तुझ्या मायचं तोंड मीच बंद केलं."

ती म्हणाली, "बाबा, तुमी वावरात गेले का आई रोज मले फोन करे. आंगणात उभी राहून. तिच्या आवाजानं शेजारची काकूच मधात उत्तर दे."

"रोज? मंग मले काहून नाही सांगितलं?"

"आई म्हने, बाबाले लाज वाटते. राहू दे."

"काय बोले?"

"तुमचंच. आज भाजीच खाल्ली नाही. खोकलून राहिले, पण दवाखान्यात जात नाही."

गाडी भंडाऱ्याच्या स्टँडात लागली. सगळे उतरले. कंडक्टर दारात उभा राहून माझ्याकडे पाहत होता. मी त्याला हातानं थांबवलं.

"अजून सांग," मी पोरीला म्हटलं. "मोठ्यानं सांग. काय म्हने माझ्याबद्दल?"