मामाजींच्या औषधांची सोय

माझ्या सासऱ्यांच्या औषधांची मी एकदा उत्तम सोय केली, आणि घरातलं कोणीही अजून मला ती विसरू देत नाही.

मामाजी कोळसा खाणीत हजेरीबाबू होते. निवृत्तीनंतर कंपनी त्यांना रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या देई. फक्त दर डिसेंबरात एक पर्याय लिहून द्यावा लागे: औषधं चंद्रपूरला कंपनीच्या दवाखान्यातून घेणार, की आपल्या गावी नेमलेल्या दुकानातून? एकदा मुदत संपली की वर्षभर बदल नाही. मामाजी नेहमी दवाखाना लिहीत. म्हणजे दर महिन्याला गोंडपिपरीहून पहाटेची एसटी, दिवसभर रांग आणि संध्याकाळी धुळीने माखून परत. नेमलेलं दुकान आमच्या घरासमोर होतं. (समोर म्हणजे समोर. दुकानदार शिंकला की आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येई.)

मी शिक्षिका. माझ्या कपाटाच्या दारावरही आत काय आहे त्याची चिठ्ठी असते. त्या वर्षी मी दोन रकाने पाडले. एकात एसटी, रांग, धूळ, दगदग. दुसऱ्यात एकच शब्द: समोर.

"मामाजी, सही करा. आता चंद्रपूरला जायलाच नको."

मामाजींनी कागद लांब धरून पाहिला. "बरं. कुठी करू?"

फॉर्म रवाना झाला. त्या दिवसापासून भाजीत मीठ कमी पडलंय हेसुद्धा मामाजी सांगेनासे झाले.

"आत्याबाई, मामाजींना झालंय काय?" मी सासूबाईंना विचारलं.

"मले काय पुसतं? महिन्यातून एक दिवस तो माणूस इस्त्रीचा शर्ट घालते, मिशीले तेल लावते. काऊन, ते मी आजवर नाई पुसलं."

मिशीला तेल? गोळ्या आणायला? मला राहवेना. मामाजी शेवटच्या फेरीला निघाले, तशी मी शाळेत रजा टाकली आणि पुढच्या बसने मागोमाग गेले. योगायोगाने पर्याय बदलून घ्यायचाही तोच शेवटचा दिवस होता, पण माझ्या डोक्यात तेव्हा फक्त मिशी होती.

दवाखान्याची खिडकी अजून उघडायची होती. व्हरांड्यात माणूस नाही. नुसत्या थैल्या, पाण्याच्या बाटल्या, एक डबा, एक वीट आणि एक चप्पल, थेट पायरीपर्यंत पसरलेल्या. कोणी म्हातारं माणूस अडखळून पडलं म्हणजे? माझे हात शिवशिवले. मी सगळं उचलून भिंतीशी लावलं. थैल्या उंचीप्रमाणे, बाटल्या वेगळ्या, चप्पल टोकाला.

खिडकी खडखडली, आणि मागच्या कडुनिंबाखालून शेंगा खात बसलेले सगळे निवृत्त कामगार एकदम आले.

"माही थैली कुठी गेली?"

"हात कोणं लावला?"

"ह्या बाईनं."

"अवो बाई, ते लाईन होती."

मी भिंतीकडे पाहिलं. दिसत छान होतं.

"चूप राहा सारे."

मामाजी. घरी ज्यांचा आवाज बाहेरच्या खोलीतून आतल्या खोलीत पोचत नाही ते मामाजी, हात पाठीशी बांधून पायरीवर उभे.

"पह्यले रामटेके. मंग डोंगरे. कन्नाके, तुही वीट डोंगऱ्याच्या मांगं होती."

"बाबूजी, मी समोर होतो."

"तू आला तवा डोंगऱ्या थैली ठेवून शेंगा वाटून राह्यला होता. मांगं जा."

तो निमूट मागे गेला. शेजारचे एक आजोबा मला म्हणाले, "बाबूजी नसले तं इथी मारामाऱ्या होते. पन आता ते येनार नाई म्हनते. सुनेनं बंद केलं."

"हो का," मी म्हणाले.

फॉर्म! त्याच खिडकीवर, आज एक वाजेपर्यंत बदलता येणार होता. मी घाईने पुढे घुसले.

"सुनबाई? तू इथी कशी?" मामाजींचा चेहरा क्षणभर खुलला. मग त्यांनी रांगेकडे पाहिलं. "थैली कुठी हाये तुही?"

"थैली नाहीये, पण मामाजी, एकच मिनिट..."

"मंग मांगं. घरची असली म्हनून काय झालं?"

"हाव, बाबूजी," रांग समाधानाने म्हणाली.

तुमचं हेच राज्य तुम्हाला परत द्यायला आलेय, असं चारचौघांत कसं सांगणार? मी शेवटी उभी राहिले. थैल्या मूळ जागी लागेपर्यंतच निम्मी सकाळ गेली होती (कोणामुळे, ते सगळे वळून वळून बघत होते). मी खिडकीशी पोचले आणि झडप पडली.

"उद्या या," आतून आवाज आला.

"उद्या चालेल?"

"गोळ्यायले चालते. फॉर्मची तारीख आज संपली."

परतीच्या बसमध्ये मी मामाजींना सगळं सांगितलं.

"म्हनजे मीनंच तुले मांगं धाडलं?"

"हो."

"बरोबर केलं मंग," ते म्हणाले, आणि गालातल्या गालात हसले.

पुढचं वर्षभर मामाजी दर महिन्याला मिशीला तेल लावून चंद्रपूरला जात, आणि एकही गोळी न घेता परत येत. गोळ्या समोरच्या दुकानात होत्या. म्हणजे येणार होत्या. "उद्या येते मॅडम," दुकानदार रोज सांगे आणि मी रोज रस्ता ओलांडे. एकदा तिथे फार गर्दी होती. मी शहाण्यासारखी माझी थैली रांगेत ठेवली आणि बाजूला सावलीत जाऊन उभी राहिले.

दुकानदार फार टापटिपीचा माणूस. त्याने ती उचलून भिंतीशी नीट लावून ठेवली.