दिवेलागणीनंतरचं विरजण

लोहाऱ्यात आमच्या शेजारच्या काकूंकडं विरजण मागायला जायचं, तर आधी वाटी तपासून घ्यावी लागे. त्या ती नाकाशी धरत आणि कानडीत पुटपुटत परत देत. घासून, उन्हात तापवून नेली तरच चमचाभर दही पडे. "चांगल्यानं आधी जागा धरली की वाईटाला बसायला जागाच ऱ्हात न्हाय," एवढंच त्यांचं म्हणणं. दिवेलागणीनंतर मात्र त्या कुणालाच विरजण देत नसत. घरची लक्ष्मी जाते म्हणून. एकदा सख्ख्या जावेला तसंच परत पाठवलं, तेव्हापासून दोघी बोलत नव्हत्या.

रझाकारांच्या धास्तीनं आम्ही गाव सोडलं तेव्हा बायकांनी कमरेला डागदागिने बांधले. काकूंच्या कमरेला दह्यात भिजवून वाळवलेलं एक कडक फडकं होतं. बैलगाडीत त्याच्या आंबूस वासाला आम्ही हसलो.

सोलापूरकडच्या छावणीत दूध दुपारपर्यंत नासे. पोरं हगवणीनं गळून गेली. काकूंनी दूध उकळून कोमट केलं आणि त्यात ते फडकं बुडवलं. पहिलं दही पाणचट झालं, दुसऱ्या खेपेला मात्र घट्ट लागलं. मग त्या पोरांना ताकच पाजू लागल्या.

एका संध्याकाळी, कंदील लागल्यावर, जाऊ वाटी घेऊन आली आणि लांबच उभी राहिली. काकूंनी वाटी मागून घेतली, हुंगली, आणि विरजण घातलं.

मी म्हणाले, "काकू, दिवे लागले की हो."

"दिवा घरात लावतेत," त्या म्हणाल्या. "हितं कुठलं आलंय घर?"