आयाळ सोड

दुपारचं जेवण झालं की मी ओटीवरच्या बाकावर आडवा होतो. समोर माझा सध्याचा एकुलता एक घोडा असतो: सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर आडवं बसवलेलं पत्र्याचं पिंप. त्यावर जुनं खोगीर आहे आणि पुढच्या बाजूला काथ्याची आयाळ बांधली आहे. चार वाजता आळीतली मुलं येतात आणि त्यावर बसायला शिकतात. खऱ्या घोड्यावर हात ठेवून मला नऊ वर्षं झाली.

आज पंखा हळू फिरतो आहे. डोळे मिटत आलेत, पण अजून पिंप दिसतं आहे. त्याच्या पत्र्यावरून एक थरथर जाते, माशी बसल्यावर घोड्याच्या कातडीवरून जाते तशी. मला त्याचं काही वाटत नाही.

"सर, उठा. आपला नंबर आला."

पायरीवर वैजू उभी आहे. वैजयंती ढमढेरे. माझ्याकडे घोडेस्वारी शिकायची तेव्हा तेरा वर्षांची होती, आजही तेवढीच आहे. तोच आखूड झालेला खाकी सदरा, गुडघ्याला तेच ठिगळ. फक्त केस पिकलेले आहेत. तिच्या भावाने पाठवलेल्या इस्पितळातल्या शेवटच्या फोटोत होते तसे. ती श्रावणात गेली आणि मला दिवाळीत कळलं.

"नंबर तुझा असेल," मी म्हणतो. "मी शिकवतो."

"आज तुम्ही बसायचं. शिकवणार मी."

मी कधी चढलो ते आठवत नाही, पण मांडीखाली पत्रा नाही, ऊब आहे. हळद्या आहे हा. पिवळट अंगाचा, पांढुरक्या आयाळीचा, प्रत्येक गोष्टीपाशी थबकणारा आमचा हळद्या. ओटीच्या फरश्या पुढे पुढे जात राहतात, त्यांच्या फटींतून गवत वर येतं आणि मग नुसतं गवतच उरतं. आम्ही खडकमाळावर आहोत, जिथे स्पर्धा व्हायच्या. लांबवर अडथळ्यांची लाल-पांढरी निशाणं फडफडतायत. वैजू शेजारून चालते आहे आणि घोडा दुडक्या चालीत असूनही ती मागे पडत नाही.

"टाचा खाली," ती म्हणते.

"खालीच आहेत."

"तुमच्या मते. घोड्याला विचारा."

हे माझंच वाक्य आहे. पंचवीस वर्षं मुलांना ऐकवलेलं. मला हसू येतं.

"हसू नका, पोट ढिलं पडतं," ती म्हणते. हेही माझंच.

पहिला अडथळा लाकडाच्या ओंडक्याचा. जवळ येतो तसा तो आमच्या शाळेच्या सभागृहातला बाक होतो आणि त्यावर कुणाचा तरी डबा राहिलेला असतो. हळद्याची पावलं आखूड होतात. एक कान पुढे, एक कान माझ्याकडे.

"अडतोय," मी म्हणतो.

"अडत नाही, विचारतोय."

"काय?"

"वर कोण बसलंय म्हणून."

"मग मी काय सांगू?"

"खरं ते सांगा. म्हातारा मास्तर आहे, घाबरलाय. त्याला खोटं कळतं."

मी मनातल्या मनात तसं सांगतो. हळद्या श्वास सोडतो आणि बाकावरून जातो. डबासुद्धा हलत नाही.

पुढे पाणी आहे. घोट्याएवढं, स्वच्छ, आणि तळाशी आमच्या जुन्या तबेल्याची फरशी. डाव्या हाताला भिंत, भिंतीवर खुंट्यांची रांग आणि खुंट्यांवर मुलांच्या टोप्या. प्रत्येकीखाली खडूने नाव लिहिलेलं. एक खुंटी रिकामी आहे, पण नाव पुसलेलं नाही.

"स्पर्धेनंतर तू महिन्याभरात यायची बंद झालीस," मी म्हणतो.

"हो."

"का, ते मी विचारलंच नाही."

"विचारलं असतंत तरी खोटंच सांगितलं असतं. आईला बरं नाही, असलं काहीतरी."

मला कारण ठाऊक होतं. तिलाही माहीत आहे की मला ठाऊक होतं. हळद्या पाण्यात नाक घालून फुर्र करतो आणि दोघांच्याही अंगावर शिंतोडे उडतात.

आता मला ते दिसू लागतं. स्पर्धेचा दिवस, हाच माळ. हळद्यावर बसायला कुणी तयार नसायचं. वैजूने तो मागून घेतला होता. अकरा अडथळे तिने त्याला समजावत पार केले. बारावा म्हणजे खोल चर. दोरीपाशी मी उभा, आजूबाजूला पालक, परीक्षक, दुसऱ्या शाळेचे दोन शिक्षक. घोडा चराशी कचरला आणि वैजूने दोन्ही हातांनी आयाळ धरली. नवशिकी मुलं धरतात तशी. शेजारचे शिक्षक गालात हसले. मला लाज वाटली. मी ओरडलो, "आयाळ सोड, वैजू."

माझं ऐकायची सवय होती तिला. तिने सोडली, आणि त्याच क्षणी घोड्याने झेप घेतली. धरायला काही नव्हतं म्हणून ती मागे कलली, लगाम ओढला गेला आणि तोंडातलं सगळं लोखंड त्याच्या जिभेवर बसलं. मागचे पाय चरात घसरले. कसाबसा तो वर आला. पण पुढच्या अडथळ्यापाशी तीनदा गेला आणि तीनदा उभा राहिला. घंटा झाली. वैजू बाद.

ती खाली उतरली आणि आधी घोड्याचं तोंड पाहिलं तिने. फेसात रक्त होतं. मग माझ्याकडे पाहिलं. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "पोरीचा हात जड आहे."

मुलं ते विसरली नाहीत. दुसऱ्या दिवसापासून तिला जडहाती म्हणू लागली. मी ते ऐकत होतो. शांत मास्तर म्हणून माझं नाव होतं; कुणावर चिडत नाही, कुणाला टाकून बोलत नाही. मुलं एकमेकांना टाकून बोलत असताना मी शांतच राहिलो.

तिने आयाळ का धरली होती ते मला नंतर कळलं. स्वतः पडू नये म्हणून नव्हती धरली. आपला तोल गेला तर हाताचा हिसका त्याच्या तोंडाला बसू नये म्हणून धरली होती. त्यानंतर शिकायला आलेल्या प्रत्येक मुलाला मी पहिला धडा आयाळ धरण्याचा दिला. हे कुणाकडून शिकलो ते मात्र एकालाही सांगितलं नाही. तिच्या लग्नाची पत्रिका आली होती. मी आहेर पाठवला, गेलो नाही.

"वैजू," मी म्हणतो, "त्या दिवशी मी—"

"आधी चर, सर. मग बोलू."

चर समोरच आहे. होता त्याहून रुंद. काठावर गवत नाही, तिथे इस्पितळाची हिरवी चादर खोचल्यासारखी नीट बसवली आहे. मला त्या चादरीकडे पाहवत नाही. वैजू माझ्यापासून दूर जाते आणि दोरीपाशी उभी राहते. नेमकी मी उभा होतो तिथे. तिच्या मागे माणसं जमली आहेत. चेहरे दिसत नाहीत, पण सगळे इकडे बघतायत.

हळद्याची पावलं आखूड होतात. कान माझ्याकडे वळतो. त्याला सांगण्यासारखं माझ्याकडे एकच वाक्य आहे, आणि तेही त्याच्यासाठी नाही. आता ती ओरडेल, असं मला वाटतं. ओरडली तर ते बरोबरच होईल. मी वाट बघतो.

"धरा, सर," ती साध्या आवाजात म्हणते.

"लोक बघतायत."

"बघू देत. तुम्ही त्याचं तोंड सांभाळा."

मी लगाम सैल सोडतो आणि दोन्ही मुठींत आयाळ घेतो. ती राठ आहे, घामाने ओली आहे. हळद्या विचारायचं थांबतो. त्याची पाठ माझ्याखाली वर उचलली जाते आणि आम्ही चरावर असतो. खूप वेळ असतो. तेवढ्यात मी सगळं बोलून घेतो.

"तुझा हात जड नव्हता, वैजू. चूक माझी होती. घोडा घसरला तेव्हाच मला ते कळलं होतं."

वारा कानात भरतो. माझेच शब्द मला ऐकू येत नाहीत.

पलीकडे पाय टेकतात. मी वळून बघतो. दोरी हलते आहे, तिच्यापाशी कुणी नाही. माणसंही नाहीत. मग बोलू, असं म्हणाली होती. हळद्याही वळतो, दोन्ही कान दोरीकडे करून उभा राहतो, मग एक कान माझ्याकडे आणतो.



पंख्याची करकर ऐकू येते. मी बाकावर आहे. पिंप जागच्या जागी आहे, पत्र्याचं, स्तब्ध. उजवी मूठ इतकी घट्ट मिटली आहे की बोटं दुसऱ्या हाताने एकेक करून उघडावी लागतात.

आत तीन केस आहेत. लांब, राठ, पांढुरके. मी उठून पिंपाच्या काथ्याशी लावून बघतो. काथ्या तपकिरी आहे, बोटांत चुरतो. हे केस चुरत नाहीत. नाकाशी नेले तर घामाचा आणि ओल्या गवताचा वास येतो.

पावणेचार झाले आहेत. फाटकापाशी मुलांच्या चपला वाजतायत. पहिलं बसणार कोण यावरून भांडण सुरू आहे. मी काथ्याची गाठ सोडतो, ते तीन केस मध्ये ठेवतो आणि पुन्हा घट्ट बांधतो. आजही धडा आयाळ धरण्यापासूनच सुरू होईल, फक्त त्याआधी मला दोन वाक्यं बोलायची आहेत. ज्यांच्यासमोर बोलायला हवी होती ते सगळे पांगले, आणि जिने ऐकायला हवी होती ती गेली. तरी मोठ्याने बोलायची आहेत.

वैजयंती ढमढेरे नावाची एक मुलगी होती. तिचा हात फार हलका होता.