बूटलोडरचा आग्रह

पाहुणा जेवायला आला की आमच्या ह्यांना चेव चढतो. इंग्लंडातल्या आमच्या मिल्टन कीन्समध्ये सहज म्हणून कुणी दारावरून जात नाही, सगळे गाडीतून राउंडअबाउटला वळसे घालत असतात, त्यामुळे पाहुणा आधी फोन करून मिळवावा लागतो. पण एकदा तो टेबलाशी बसला, की त्याची सुटका ह्यांच्या मर्जीवर.

हा स्वभाव त्यांनी ऑफिसातही नेला होता, हे मला ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कळलं. त्यांची छोटीशी कंपनी हॉस्पिटलांसाठी एक मापनयंत्र बनवत होती. बाहेरच्या लोकांनी आपापले प्रोग्रॅम लिहायचे आणि कार्ट्रिजमध्ये घालून यंत्रात खोचायचे, अशी कल्पना. ह्यांच्याकडे होता बूटलोडर, म्हणजे यंत्र चालू केल्यावर सगळ्यात आधी जागा होणारा चिमुकला प्रोग्रॅम. त्यानं पडदा, बटणं, घड्याळ तयार करायचं, आलेली कार्ट्रिज तपासायची, यंत्र तिच्या हवाली करायचं आणि बाजूला व्हायचं. ह्यांचं घोडं अडलं ते बाजूला होण्यावर.

"समज, त्यांचा प्रोग्रॅम मध्येच हँग झाला तर? कुणी विचारायला नको?" असं म्हणून त्यांनी पहारा बसवला. बाहेरच्या प्रोग्रॅमनं सारखं 'मी ठीक आहे' असं कळवत राहायचं. जरा गप्प बसला, की बूटलोडर यंत्र परत ताब्यात घेणार आणि त्याला पहिल्यापासून सुरू करणार. ह्याला ते सोय म्हणत.

पहिला प्रोग्रॅम लिहीत होते कार्डिफचे एक वेल्श गृहस्थ. कोळशाच्या खाणीत जन्म घालवलेल्या म्हाताऱ्यांच्या छातीत किती दम उरलाय, ते मोजायचा. ती माणसं नळीत फुंकण्याआधी बराच वेळ श्वास जमवत बसत. फुंकरीची सुरुवात निसटू नये म्हणून प्रोग्रॅम तेवढा वेळ दुसरं काहीही न करता नुसती वाट पाहायचा, आणि बूटलोडरला वाटायचं, गेला बिचारा! म्हातारबाबा जीव एकवटून फुंकायचे तेव्हा पडद्यावर 'वेलकम'. पुन्हा फुंकायची ताकद फार थोड्यांकडे असायची. शेवटी कार्डिफच्या हॉस्पिटलनं सांगितलं, पुढच्या वेळी नीट चाललं नाही तर यंत्र परत घेऊन जा. ह्यांची दोन वर्षं त्या डब्यात होती.

वाद मिटवायला ह्यांनी त्या गृहस्थांना घरी जेवायला बोलावलं. दुसरं काय सुचणार?

मी नळाला दही टांगून श्रीखंड केलं होतं, पुऱ्या, बटाट्याची भाजी. पाहुणे सज्जन. पानात काही टाकणं म्हणजे यजमानाचा अपमान, असं लहानपणापासून शिकलेले. ते ताट चाटूनपुसून साफ करत. साफ ताट दिसलं की हे वाढत. ते पुन्हा संपवत, हे पुन्हा वाढत. पाहुण्यांचा चेहरा लालबुंद झाला, पण दोघांपैकी एकही हटेना.

"अहो, स्टॉप इट!" मी म्हटलं. "पोट फुटेल त्यांचं." मग पाहुण्यांना सांगितलं, आमच्यात नको असेल तर ताटावर हात आडवा धरतात.

त्यांनी ताबडतोब दोन्ही हात धरले. मग ह्यांच्याकडे पाहून शांतपणे विचारलं, "आणि माझ्या प्रोग्रॅमनं हात कुठे धरायचा?"

श्रीखंडाचा डाव हवेतच राहिला. लग्नानंतर ह्यांचा वाढता हात थांबलेला मी पहिल्यांदा पाहिला, आणि मला फार बरं वाटलं.

पुढच्याच आठवड्यात जागा निघाली. कार्ट्रिजच्या सुरुवातीला प्रोग्रॅमचं नाव आणि आकार लिहिलेला असे, त्याच्याच शेजारी आता एक खूण ठेवता येऊ लागली: मी बोलावल्याशिवाय येऊ नका.

"आणि खरंच हँग झाला तर?" हे कुरकुरले.

"तर नर्स स्विच बंद करेल," मी म्हटलं.

पुढच्या चाचणीला कार्डिफच्या हॉस्पिटलात मीही गेले. एक म्हातारबाबा नळी तोंडात धरून बसले. डोळे मिटलेले, खांदे वरखाली. किती वेळ लागला! पडदा गप्प. ह्यांची बोटं पँटच्या शिवणीवर चाळवत होती. आपला जन्मजात आग्रह गिळणारा तो माणूस पाहून मला हसूही येत होतं आणि कीवही.

मग म्हातारबाबांनी फुंकलं. आकडा आला. लहान, पण स्वच्छ. हे आणि ते वेल्श गृहस्थ एकमेकांची पाठ थोपटू लागले.

म्हातारबाबांनी चष्मा लावून पडद्याकडे पाहिलं. "एवढाच?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांनी मान डोलावली.

"बरं झालं," ते म्हणाले. "घरी सगळ्यांना वाटतं, मी आळशी झालोय."

पाठ थोपटणारे हात तिथेच थांबले.