पानथरीचा डाग

औंधच्या पंचक्रोशीत मनुबाईच्या हातचा डाग नावाजलेला होता, आणि तिची जीभ त्याहून जास्त. हिवतापानं पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेली माणसं तिच्या उंबऱ्यावर बसायची. ती डाव्या बरगडीखाली बोटं रोवून गाठ मोजायची, तापल्या विळ्याचं टोक टेकवायची आणि ओरडणाऱ्यालाच शिव्या घालायची. ताप तसाही उतरणारच असायचा. नाव मात्र मनुबाईचं व्हायचं.

शहात्तर साली हिवताप पुन्हा बोकाळला. तिचा धाकटा भाऊ आकाराम, पलटणीतून पेन्शनीत आलेला, तापानं खंगला. पानथरी चार बोटं भरली. मनुबाईनं सवयीनं डाग दिला. दोन महिन्यांत पानथरी बेंबीला टेकली, तेव्हा तिला धडकी भरली. हिवतापाची पानथरी अशी धावत नाही, हे तिच्या बोटांना ठाऊक होतं.

"आनि एक डाग द्या की," भावजय विजयमाला म्हणाली. "गावाची मान्सं बरी व्हत्यात, भावाचंच का वावडं?"

"ह्यो माझा रोग न्हाई. सांगलीला न्ये त्याला."

"आता कळलं व्हय, वन्सं?"

सांगलीच्या दवाखान्यात तरण्या डॉक्टरनं पोटावरचा डाग पाहिला आणि तिथंच त्याचा विचार संपला. डागलेली पानथरी म्हणजे हिवतापाचीच. रक्तात जंतू सापडले नाहीत, पांढऱ्या पेशी फारच कमी भरल्या, तरी महिनाभर गोळ्या हिवतापाच्याच चालल्या.

मनुबाई एसटीनं गेली ती थेट तरण्या डॉक्टरला भिडली. "डाग बगून रोग वळखतोस व्हय रं? तीन म्हयन्यामागं चार बोटं व्हती. पोटाला हात लावून बग."

"माणसं भाजायची आणि वर आम्हाला शिकवायचं?" तो खेकसला.

त्याच्या वरच्या थोरल्या डॉक्टरांनी मात्र ऐकलं. मगज काढायला आकारामच्या कमरेच्या हाडात सुई घातली, ती कोरडीच आली. तरणा म्हणाला, सुई चुकली. दुसरीही कोरडीच. शेवटी हाडाचा तुकडाच काढून तपासला. त्यात कडांना केसासारखे तंतू असलेल्या पेशी सापडल्या. रक्ताचा कॅन्सर होता, लाखात एखाद्याला होणारा.

"पानथरी काढली असती तर काही वर्षं मिळाली असती," थोरले डॉक्टर म्हणाले. "आता अंगात रक्तच उरलं नाही. टेबलावरच जाईल. फार उशीर झाला."

मनुबाईनं तरण्याकडं बोट केलं. "ह्यानं म्हयना खाल्ला." मग खाली बघत म्हणाली, "आनि आदीचे दोन मी खाल्ले."

शेजारी उभी भावजय 'तसं न्हवं, वन्सं' म्हणेल, अशी तिला आशा होती.

"व्हय," विजयमाला म्हणाली. "तुमीच."